१९९१ : मोजणी बदलली आणि कंट्री सापडलं

'कंट्री' म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. पहिली देशी दारू आणि दुसरा जॉन डेन्व्हर. कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार घेऊन बसलेला एक तरी पोरगा 'टेक मी होम, कंट्री रोड्स' म्हणतोच, आणि आपल्यापैकी बहुतेकांचा अमेरिकन कंट्री संगीताशी असलेला संबंध तिथेच सुरू होऊन तिथेच संपतो. गंमत म्हणजे नॅशव्हिलच्या कर्मठ मंडळींना हा डेन्व्हर कधी आपला वाटलाच नाही. १९७५ साली कंट्री म्युझिक असोसिएशननं त्याला 'एंटरटेनर ऑफ द इयर' ठरवलं, तेव्हा ते नाव जाहीर करायला उभ्या असलेल्या चार्ली रिचनं खिशातून लायटर काढून स्टेजवरच तो कागद पेटवला. लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावलाच. कंट्री म्हणजे नक्की काय आणि ते ठरवणार कोण, हे भांडण असं जुनं आहे.

पण आज मला लिहायचंय ते १९९१ सालाबद्दल. कंट्रीचा इतिहास सांगणारा कुठलाही माणूस या सालापाशी थांबतो. गार्थ ब्रुक्स आला, त्यानं स्टेडियम भरवली, आणि 'हिलबिली' म्हणजे गावंढळ म्हणून हिणवलं गेलेलं संगीत अमेरिकेचं पहिल्या क्रमांकाचं संगीत झालं, अशी ती गोष्ट सांगतात. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. माझं मत असं की १९९१ साली कंट्री जितकं वाढलं त्यापेक्षा जास्त ते *मोजलं गेलं*. आणि ज्याला पोटापाण्यासाठी रोज आकडे बघावे लागतात अशा माणसाला (म्हणजे मला) ही दुसरी अर्धी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

आधी जुनी पद्धत काय होती ते बघू. 'बिलबोर्ड' हे अमेरिकन संगीत धंद्याचं साप्ताहिक. कुठला अल्बम किती खपला याची त्यांची २०० जणांची यादी म्हणजे धंद्यातली शेवटची अदालत. ही यादी कशी बनायची? देशभरातल्या काही निवडक रेकॉर्डच्या दुकानांना विचारायचे, की बाबांनो, तुमच्याकडे या आठवड्यात काय चाललंय? दुकानाचा मॅनेजर किंवा काउंटरवरचा पोऱ्या सांगायचा, हा पहिला, हा दुसरा, हा तिसरा. किती प्रती विकल्या याचा आकडा नाही, नुसता क्रम. मे १९९१ पर्यंत एवढ्या मोठ्या धंद्याचा हिशेब असा तोंडी चालायचा!

यात लबाडी व्हायचीच. रेकॉर्ड कंपन्यांची माणसं दुकानदारांना फुकट रेकॉर्ड द्यायची, कार्यक्रमांची तिकिटं द्यायची, आणि मग आपला अल्बम दोन पायऱ्या वर चढायचा. पण मला लबाडीपेक्षा प्रामाणिक चूक जास्त महत्त्वाची वाटते. समजा, तो काउंटरवरचा पोऱ्या अगदी सरळमार्गी आहे. तरी तो काय सांगणार? त्याच्या लक्षात जे राहिलं ते. आणि लक्षात काय राहतं? जे आपल्याला आवडतं, ज्याबद्दल दुकानात गप्पा होतात, ज्याचं पोस्टर समोर लावलंय ते. रॉकचा नवा अल्बम आला की त्याच्या डोळ्यांत भरायचा. कोपऱ्यातल्या कप्प्यातून एखाद्या मध्यमवयीन बाईनं रीबा मॅकएंटायरची कॅसेट उचलली आणि पैसे देऊन निघून गेली, तर ती विक्री गल्ल्यात जमा व्हायची, पण त्याच्या डोक्यात नाही.

त्यात मुळात कंट्री ऐकणारा बराचसा माणूस अशा रेकॉर्डच्या दुकानात जायचाच नाही. तो वॉलमार्टमध्ये जायचा, के-मार्टमध्ये जायचा. साबण, मुलांचे बूट, गाडीचं ऑइल आणि जाताजाता एक कॅसेट. आणि या विक्रीचं वजन यादीत फार कमी पडायचं.

माइक शॅलेट आणि माइक फाइन या दोघांनी 'साउंडस्कॅन' नावाची कंपनी काढली. कल्पना इतकी साधी की आज ऐकताना 'यात काय विशेष?' असं वाटावं. प्रत्येक कॅसेटवर आणि सीडीवर बारकोड असतोच, आणि काउंटरवर तो वाचणारं यंत्रही असतं. मग कोणाला विचारत कशाला बसायचं? यंत्राकडूनच आकडे घ्या. २५ मे १९९१ च्या अंकापासून बिलबोर्डनं अल्बमची यादी या आकड्यांवर करायला सुरुवात केली.

त्या एका आठवड्यात यादी उलटीपालटी झाली. गार्थ ब्रुक्सचा 'नो फेन्सेस' हा अल्बम आदल्या वर्षी आलेला, म्हणजे ताजा मालसुद्धा नव्हे, तो उडी मारून एकदम पहिल्या पाचात गेला. आणखीही कितीतरी कंट्री अल्बम वर सरकले. रॅप आणि हेवी मेटलचंही तेच झालं. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. 'स्किड रो' आणि 'मेटॅलिका' यांचे अल्बम तर आल्या आल्या पहिल्या क्रमांकावर बसले.

आता मुद्दा लक्षात घ्या. १८ मे आणि २५ मे यांच्यामध्ये सात दिवस होते. सात दिवसांत अमेरिकेची आवड बदलली नव्हती. कोणी जास्तीची एक कॅसेट विकत घेतली नव्हती. नॅशव्हिलमध्ये कोणी वेगळं गाणं लिहिलं नव्हतं. बदललं होतं फक्त मोजमाप. गावाकडचे गोरे शेतकरी आणि ट्रकवाले, शहरातली काळी पोरं, काळे टी-शर्ट घालून फिरणारी मेटलवाली पोरं ही तीन टोकांची तीन माणसं. एकमेकांच्या वाऱ्याला उभी न राहणारी. पण तिघं एकाच कारणानं अदृश्य होती आणि एकाच यंत्रानं ती एकाच आठवड्यात दिसायला लागली. मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते.

मग सप्टेंबर आला. गार्थचा 'रोपिन द विंड' बाहेर पडला आणि २८ सप्टेंबर १९९१ च्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. कंट्रीचा अल्बम असा पदार्पणातच पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. याचं अप्रूप कळायला एक गोष्ट सांगतो. जुन्या पद्धतीत पदार्पणात पहिला नंबर म्हणजे दुर्मीळ योग होता. १९७५ मध्ये एल्टन जॉननं तो पहिल्यांदा साधला, आणि तो धरून मे १९९१ पर्यंतच्या सगळ्या वर्षांत मिळून असे अल्बम झाले फक्त ६. त्यात स्टीव्ही वंडर, ब्रूस स्प्रिंगस्टीन, व्हिटनी ह्यूस्टन आणि मायकेल जॅक्सन. दुकानदारांच्या तोंडी हिशेबात अल्बमनं हळूहळू पायऱ्या चढायच्या अशी रीत होती. प्रत्यक्षात मात्र चाहते पहिल्याच आठवड्यात रांगा लावत होते.

जानेवारी १९९२ मध्ये निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'नं मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या जागेवरून खाली ओढलं, हा प्रसंग रॉकवाले अजूनही क्रांतीसारखा सांगतात. पुढच्याच आठवड्यात त्या जागेवर पुन्हा कोण बसलं होतं ते मात्र सांगत नाहीत. गार्थ ब्रुक्स! ओक्लाहोमाचा, काळी हॅट घालणारा, जाहिरातशास्त्राची पदवी घेतलेला, जरासा सुटलेला गडी.

रेडिओचं प्रकरण तर याआधीच, जानेवारी १९९० मध्ये झालं होतं. कंट्री गाण्यांची यादी रेडिओ स्टेशनांनी स्वतः कळवलेल्या माहितीवर बनायची. स्टेशनवाला म्हणायचा, हे गाणं आम्ही इतकं वाजवतो. वाजवायचा का, हा वेगळा प्रश्न. मग संगणकानं रेडिओ ऐकून गाणं ओळखायची यंत्रणा आली आणि बिलबोर्डनं ती सर्वात आधी कंट्रीच्याच यादीला लावली. परिणाम बघा. ऐंशीच्या दशकात कंट्रीच्या यादीत जवळजवळ दर आठवड्याला नवीन गाणं पहिलं यायचं. कंपन्या आपापसात पाळी लावून घेत असाव्यात असा संशय यावा इतकं शिस्तीत. जॉर्ज स्ट्रेटची तोवर डझनाहून जास्त गाणी पहिली आली होती, पण प्रत्येक फक्त एकेक आठवडा. १९९० मध्ये यंत्र ऐकायला बसल्यावर त्याचं 'लव्ह विदाउट एंड, आमेन' सलग ५ आठवडे पहिलं राहिलं. लोकांना एखादं गाणं खरंच आवडलं की ते एका आठवड्यात नावडतं होत नाही, एवढी साधी गोष्ट कळायला यंत्र लागलं.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे गार्थ ब्रुक्सचं कर्तृत्व काही नाही का? आहे ना! भरपूर आहे. किस आणि क्वीनसारख्या रॉकवाल्यांचं स्टेज बघून वाढलेल्या या माणसानं कंट्रीच्या कार्यक्रमात दोरावरून लोंबकळायला सुरुवात केली. बिली जोएलचं 'शेमलेस' उचललं आणि कंट्रीत पहिलं आणून दाखवलं. 'द थंडर रोल्स' या गाण्याच्या व्हिडिओत त्यानं बायकोला मारणाऱ्या नवऱ्याची भूमिका स्वतः केली. शेवटी बायको त्याला गोळी घालते. टीएनएन आणि सीएमटी या कंट्रीच्याच दोन्ही वाहिन्यांनी तो व्हिडिओ दाखवणं बंद केलं. गाणं मात्र पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि ऑक्टोबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशननं त्याच व्हिडिओला वर्षाचा सर्वोत्तम व्हिडिओ ठरवलं. त्या सोहळ्याला राष्ट्राध्यक्ष थोरले बुश स्वतः हजर होते. दारावरचे रखवालदार काय म्हणतात आणि आतली माणसं काय ऐकतात, यातलं अंतर त्या वर्षी असं उघडं पडलं.

म्हणून माझं पहिलं मत ठाम आहे. मोजणी प्रामाणिक झाली हे चांगलंच झालं. आकड्यांना रुक्ष म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, आकडे नव्हते तेव्हा कोण ठरवत होतं? 'जाणकार' ठरवत होते. आणि जाणकारांच्या आवडीनिवडीत खेड्यातली माणसं, गरीब माणसं, त्यांच्यासारखी न दिसणारी माणसं बहुधा नसतात. बारकोडला गिऱ्हाइकाची जात, रंग, हॅट काही दिसत नाही. त्या अर्थानं तो बिचारा फार लोकशाहीवादी आहे.

(या यंत्रालाही स्वतःचे डोळे होतेच म्हणा. सुरुवातीला मोठ्या साखळी दुकानांचे आकडे सहज मिळायचे, छोट्या स्वतंत्र दुकानांचे तितके मिळायचे नाहीत. म्हणजे एक बाजू कमी दिसायची ती जाऊन दुसरी कमी दिसायला लागली. कुठल्याही मोजणीत कोणीतरी उंबऱ्याबाहेर राहतंच. फक्त कोण राहिलंय ते विचारत राहायला हवं.)

आता दुसरी बाजू. आमच्या धंद्यातला अनुभव सांगतो. एखाद्या टीमला सांगा की दर आठवड्याला किती बग मिटवले ते मोजणार आहोत. पहिले दोन महिने खरंच बग मिटतात. तिसऱ्या महिन्यापासून लोक मिटवायला सोपे असे बग शोधायला लागतात. अर्थशास्त्रात याला चार्ल्स गुडहार्टचं नाव जोडलेला एक नियमच आहे. मोजमाप हेच ध्येय झालं की ते चांगलं मोजमाप उरत नाही.

नॅशव्हिलचं नेमकं हेच झालं. कंट्री किती खपतं हे १९९१ मध्ये दिसलं आणि पैशाचा ओघ तिकडे वळला. १९९२ मध्ये बिली रे सायरसचा 'सम गेव्ह ऑल' सलग १७ आठवडे पहिला राहिला, 'एकी ब्रेकी हार्ट'वर अख्खा देश रांगेत नाचला. मग हॅट घातलेल्या, घट्ट जीन्सवाल्या, एकासारख्या एक दिसणाऱ्या गायकांची रीघ लागली. टीकाकारांनी त्यांना 'हॅट अ‍ॅक्ट्स' असं नावही ठेवलं. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यानं एका कंपनीनं देशभरात किती रेडिओ स्टेशनं बाळगावीत यावरची मर्यादा उठवली आणि शेकडो स्टेशनं मोजक्या हातांत गेली. आता गाणी गावातल्या स्टेशनवर न ठरता दूर कुठेतरी आकड्यांच्या तक्त्यावर ठरायला लागली.

त्याचं टोक २०१५ मध्ये दिसलं. एका रेडिओ सल्लागारानं स्टेशनांना जाहीर सल्ला दिला, की कंट्री रेडिओचं सॅलड करायचं तर पुरुष गायक म्हणजे लेट्यूसची पानं आणि बायका म्हणजे टोमॅटो. टोमॅटो बेतानंच टाका. आणि त्याचा दावा काय, तर आकडेच तसं सांगतात! अरे, पण तुम्ही बायकांची गाणी वाजवलीच कमी, तर लोकांच्या कानाला ती ओळखीची कशी होणार? ओळखीची नाहीत म्हणून चाचणीत कमी गुण, कमी गुण म्हणून आणखी कमी वाजवा. १९९१ मध्ये ट्रिशा यरवूडचं 'शीज इन लव्ह विथ द बॉय' हे पहिलंच गाणं यादीत पहिलं आलं होतं. ऐकणाऱ्यांना बायकांच्या आवाजाचं वावडं नव्हतं. आपणच वाकवलेल्या आरशात बघून 'चेहरा वाकडा आहे' म्हणण्यातला हा प्रकार.

आणि एक गोष्ट आकड्यांना मुळातच सांगता येत नाही. ती म्हणजे 'का'. १६ मार्च १९९१ रोजी सॅन डिएगोजवळ एक छोटं विमान डोंगरावर आदळलं. रीबा मॅकएंटायरच्या बँडमधले ७ जण, तिचा टूर मॅनेजर आणि दोन्ही वैमानिक गेले. ती स्वतः त्या विमानात नव्हती. त्याच ऑक्टोबरमध्ये तिचा 'फॉर माय ब्रोकन हार्ट' आला, सगळा दुःखानं भरलेला, आणि लाखांनी खपला. बारकोडच्या लेखी ती एक विक्री आणि एखाद्या बिअरच्या गाण्याची विक्री सारखीच.

जॉनी कॅशचंही तसंच. १९८६ मध्ये त्याच्या जुन्या कंपनीनं त्याला सोडलं होतं. १९९१ मध्ये त्याचा 'द मिस्टरी ऑफ लाइफ' आला आणि कधी आला, कधी गेला कोणाला कळलंही नाही. आकड्यांच्या भाषेत बोलायचं तर माणूस संपला होता. मग रिक रुबिन नावाच्या, रॅप आणि मेटलचे अल्बम करणाऱ्या दाढीवाल्या निर्मात्यानं त्याला आपल्या घरात बसवून फक्त गिटारवर गायला लावलं. त्यातून १९९४ मध्ये 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' आला आणि कॅशचा दुसरा जन्म झाला. पुढच्या अल्बमला १९९८ मध्ये सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तेव्हा बिलबोर्डमध्ये पानभर जाहिरात आली. मधलं बोट दाखवणारा कॅशचा जुना फोटो, आणि सोबत नॅशव्हिलचे व कंट्री रेडिओचे 'आभार' :) रुबिननं कुठला तक्ता बघून ही निवड केली नव्हती. त्याला ऐकू आलं होतं. बस.

शेवटी एक गोष्ट राहतेच. यंत्र विक्री मोजतं, पण कुठल्या रकान्यात टाकायचं ते माणूसच ठरवतो. मार्च २०१९ मध्ये लिल नास एक्स या काळ्या पोराचं 'ओल्ड टाउन रोड' बिलबोर्डनं कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं, पुरेसं कंट्री नाही म्हणून. तेच गाणं सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं, त्या वेळचा विक्रम. २०२४ मध्ये त्या विक्रमाची बरोबरी केली ती शाबूझी या काळ्या गायकाच्या गाण्यानं, आणि या वेळी ते कंट्रीच्या यादीतही होतं. म्हणजे चार्ली रिचचा लायटर अजून कोणाच्या ना कोणाच्या खिशात आहेच.

तर १९९१ नं शिकवलेली गोष्ट माझ्या मते दुहेरी आहे. कोण अस्तित्वात आहे हे ठरवायला आपला अंदाज वापरू नका. तिथे मोजा, प्रामाणिकपणे मोजा, कोपऱ्यातल्या दुकानापर्यंत जाऊन मोजा. पण काय करायचं हे ठरवायला मोजणी वापरू नका, तिथे कान वापरा. पहिली चूक केली की माणसं गायब होतात. दुसरी चूक केली की सगळी माणसं एकसारखी होतात. दोन्हींतली कुठली वाईट हे मला विचाराल तर पहिली, कारण गायब झालेल्या माणसाला तक्रारही करता येत नाही.

असो. या शनिवार-रविवारी वेळ असेल तर डेन्व्हरला जरा विश्रांती द्या. आधी 'द थंडर रोल्स' ऐका, मग रीबाचा तो अल्बम, आणि रात्री सगळं शांत झाल्यावर कॅशचा 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज'. किती खपले ते विसरून ऐका.